हौशी छायाचित्रकार, स्पर्धा आणि शैली

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या यमुनाघाटावर पहाटे जाण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना एक दृश्य परिचयाचे असेल. नदीवर धुके उतरलेले असते. उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले कुरव पक्षी शेकड्यांनी पाण्यावर घिरट्या घालीत असतात. एखादा नावाडी उतारूंना घेऊन निघतो, उतारू शेवेची मूठ हवेत उधळतात आणि पांढऱ्या पंखांचा एकच कल्लोळ उसळतो. दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. परंतु त्याच क्षणी घाटाच्या पायऱ्यांवर तीस-चाळीस कॅमेरे त्याच नावेवर रोखलेले असतात, आणि त्यांतून निघणारी तीस-चाळीस चित्रे पुढे कोठल्या ना कोठल्या स्पर्धेत एकमेकांसमोर उभी राहतात. त्यांवरील नावे झाकून ठेवली, तर कोणते चित्र कोणाचे हे खुद्द काढणाऱ्यालाही सांगता येईल की नाही, याविषयी मला संशय आहे.

या पायऱ्यांवर मीही अनेक हिवाळे उभा राहिलो आहे. तेव्हा पुढील विवेचनातील दोषारोप प्रथम माझ्यावरच येतात, हे आरंभीच सांगून टाकतो.

बदलीच्या नोकरीत परप्रांती आलेल्या माणसाला रविवार मोठा वाटतो. नातलग दूर, भाषा परकी, कचेरीतील स्नेह बहुधा कचेरीपुरता. अशा वेळी ज्यांच्या हाती कॅमेरा येतो, ते लवकरच एखाद्या छायाचित्रण-मंडळाचे सभासद होतात. तेथे जात, प्रांत, वेतनश्रेणी कोणी विचारीत नाही. गेल्या महिन्यात काय काढले, एवढेच विचारतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हा आनंद अनुभवला असेल. प्रश्न आहे तो यापुढचा. मंडळात शिरलेला हौशी माणूस मासिक स्पर्धेत उतरतो, तेथून 'सलोन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांकडे वळतो, आणि पाच-सात वर्षांत त्याच्याकडे पदके साचतात. या प्रवासात त्याची स्वतःची अशी दृष्टी घडते काय?

स्पर्धेची बाजू आधी न्यायाने मांडली पाहिजे. आपल्याकडील छायाचित्रणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी हौशी मंडळांचा इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा युरोपात हे तंत्र जाहीर होऊन अवघी पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते. नारायण दाजी तर व्यवसायाने वैद्य असून हौसेने कॅमेरा चालवीत आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळातही होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, आणि १९५३ मध्ये देशभरच्या मंडळांना जोडणारी फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी अस्तित्वात आली. डॉक्टर, वकील, शिक्षक, कारकून यांनी फावल्या वेळात ही कला येथे रुजविली, आणि तिला शिस्त लावण्याचे काम स्पर्धांनी केले. चित्रातील क्षितिज तिरके का, पांढऱ्या भागातील तपशील का उडाला, कडेला अर्धा कापलेला हात कशासाठी ठेवला, हे प्रश्न घरातील माणसे विचारीत नाहीत, परीक्षक विचारतो. मला उजेड मोजावयास शिकविले ते पुस्तकांनी नव्हे, नापसंत झालेल्या चित्रांनी.

तथापि हात घडविणे निराळे आणि दृष्टी घडविणे निराळे. स्पर्धेची रचनाच अशी आहे की, दृष्टी तिच्या जाळीतून निसटून जाते. सलोनमध्ये बहुधा तीन परीक्षक बसतात. हजारो चित्रे पडद्यावरून एकामागून एक सरकतात, आणि प्रत्येकास काही सेकंदांत गुण द्यावे लागतात. काढणाऱ्याचे नाव दडविलेले असते. निःपक्षपातासाठी हे आवश्यकच आहे, पण याचा परिणाम पाहा. त्या काही सेकंदांत जे ओळखीचे असते तेच उठून दिसते. धुक्यातून तिरपे येणारे किरण, पुष्करच्या मेळ्यातील पागोटेवाल्या वृद्धाच्या सुरकुत्या, बरसाना-नंदगावच्या होळीतील गुलालाचा लोट, पांढऱ्या भिंतीपुढे एकच लाल ओढणी. ही चित्रे वाईट नसतात. ती कोणाचीच नसतात, एवढेच.

याहून खोल अडचण अशी की, शैली ही एका चित्रात दिसणारी वस्तूच नव्हे. एका अभंगावरून वृत्त कळेल, कवी कळणार नाही. एखादा माणूस कशाकडे वारंवार वळतो, कोणत्या अंतरावर थांबतो, काय चौकटीबाहेर ठेवतो, हे त्याची वीस-पंचवीस चित्रे शेजारी मांडल्यावाचून समजत नाही. एकेक चित्र सुटे करून तोलणाऱ्या परीक्षकाला शैली दिसत नाही, यात त्याचा दोष नाही. ती त्याच्यापुढे ठेवलेलीच नसते.

या संदर्भात आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याचे उदाहरण मननीय आहे. १८८७ साली, बर्लिनमध्ये शिकत असता, या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने लंडनच्या 'अॅमेच्युअर फोटोग्राफर' या नियतकालिकाच्या स्पर्धेत इटलीतील हसऱ्या मुलांचे एक चित्र पाठविले. परीक्षक होते पी. एच. एमर्सन. त्यांनी त्यास पहिले पारितोषिक दिले. त्या पारितोषिकाने त्याला उभारी दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज स्टीग्लिट्झ आठवतो तो त्या चित्रासाठी नव्हे. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या हिमवादळात, त्याच्याच सांगण्याप्रमाणे तीन तास तिष्ठत, त्याने फिफ्थ अॅव्हेन्यूवरील घोडागाडी टिपली. १९२२ पासून पुढे अनेक वर्षे तो केवळ ढग टिपीत राहिला, आणि ती चित्रे दोनशेंहून अधिक झाली. एकटे एक ढगाचे चित्र कोणत्याही मासिक स्पर्धेत 'विषयाचा अभाव' या शेऱ्यासह परत आले असते. एकत्र पाहिली म्हणजे मात्र ती एका माणसाच्या मनाची रोजनिशी वाटतात. ज्या न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबचे नियतकालिक त्याने नावारूपास आणले, त्याच क्लबने १९०८ मध्ये त्याला काढून टाकले. पुढे त्याला परत घेण्यात आले, पण तो स्वतःच राजीनामा देऊन बाहेर पडला. मंडळाने त्याला हात दिला आणि त्याच्या दृष्टीशी मंडळाचे जमले नाही, असा या कथेचा अर्थ मी घेतो.

यावरून मंडळे ही शैलीची वैरी आहेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे १९३९ साली स्थापन झालेल्या फोटो-सिने क्लब बांदेइरांते या मंडळाचा दाखला याच्या उलट आहे. तेही हौशी लोकांचेच मंडळ होते. झेराल्दो दे बारोस हा बँक ऑफ ब्राझीलमध्ये नोकरीला होता. जर्मान लोर्का हिशेबनीस होता. जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या गेर्ट्रूड आल्टशुल यांचा उद्योग टोप्यांवरील कृत्रिम फुले बनविण्याचा होता. येथेही अंतर्गत स्पर्धा होत, विषय नेमून दिले जात, गुण मिळत. तरीही या मंडळातून निघालेले काम इतके स्वतंत्र ठरले की, २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरविले.

हे कशामुळे झाले असावे? मला दोन कारणे दिसतात. एक, ही माणसे चित्रांसाठी दूर गेली नाहीत. आपल्याच वाढत्या शहरातील जिने, खिडक्या, तारा, भिंतींवरील सावल्या यांकडे ती वळली. आल्टशुल यांचे गाजलेले चित्र एका पानाचे आणि त्याच्या शिरांचे आहे. दुसरे, त्यांच्याकडे गुणांबरोबर चर्चा होती. मंडळाच्या पत्रिकेत चित्रांवर लेखन होई, वाद होत. दे बारोसने निगेटिव्हवर रेघा ओढून, एकावर एक चित्रे घेऊन जे प्रयोग केले, ते तेथेही सर्वांना रुचले नव्हते. परंतु न रुचलेल्या गोष्टीवर बोलले गेले, तर तीही काही शिकविते. आपल्या बहुतेक मंडळांत गुण सांगितले जातात, कारणे सांगितली जात नाहीत. 'छान आहे, पण विषय ठसत नाही' या वाक्यापलीकडे टीका क्वचितच जाते. आपल्या मंडळांत उणीव आहे ती या टीकेची. स्पर्धांची मुळीच नाही.

पदव्यांच्या पद्धतीतही हाच भेद आढळतो. फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आरंभीच्या पदव्या, इतक्या देशांतील इतक्या प्रदर्शनांत इतकी चित्रे स्वीकृत झाली, अशा हिशेबावर मिळतात. याउलट इंग्लंडमधील रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या असोसिएट पदवीसाठी पंधरा चित्रांचा संच आणि हेतू सांगणारे लहानसे निवेदन द्यावे लागते. एक पद्धत बेरीज करते, दुसरी संगती विचारते. फियापचीही 'मास्टर' ही पदवी संचावरच दिली जाते, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वीच आपला बहुतेकांचा श्वास बेरजेत संपतो. आम्हां सरकारी माणसांना जावक क्रमांकांची सवय असते, म्हणून ही बेरीज आम्हांस अधिकच गोड वाटते की काय, न कळे.

आता माझ्यापुरते सांगतो. यमुनेवरील कुरवांच्या चित्रास मला एका स्पर्धेत पदक मिळाले. त्याच वर्षी मी आणखी एक चित्र पाठविले होते. दक्षिण दिल्लीतील सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि पुढे नौरोजीनगर, नेताजीनगर, सरोजिनीनगर येथील जुनी निवासस्थाने टप्प्याटप्प्याने पाडली जाऊ लागली. त्यांतील एका रिकाम्या घराच्या खोलीचे ते चित्र होते. खिडकीतील कूलर काढून नेल्यावर उरलेला चौकोन, त्यातून जमिनीवर पडलेले ऊन, आणि भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या मुलाच्या उंचीच्या खुणा. खुणांशेजारी वर्षे लिहिलेली होती, आणि चौथ्या खुणेनंतर त्या थांबल्या होत्या. बहुधा बदलीचा आदेश आला असावा. परीक्षकांचा शेरा होता, 'केंद्रबिंदू नाही.'

मला वाईट वाटले, आणि मी खरोखरच दोन वर्षे तसे चित्र काढले नाही. स्पर्धेने माझे केलेले नुकसान एवढेच; परंतु ते थोडे नव्हे. त्या दोन वर्षांत त्या रांगांतील अनेक घरे जमीनदोस्त झाली. कुरव दर हिवाळ्यात परत येतात. ती भिंत परत यावयाची नाही.

पुढे उरलेल्या घरांत जाऊन काही चित्रे काढली. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मंडपाच्या एका बाजूस त्यांतील बारा चित्रे दोरीवर टांगली. आरतीनंतर एक निवृत्त गृहस्थ बराच वेळ तेथे उभे होते. एका जिन्याच्या चित्रावर बोट ठेवून ते पत्नीला म्हणाले, "अहो, हा आपला जिना." तो त्यांचा जिना नव्हता, ते कधीच त्या वसाहतीत राहिलेले नव्हते. पण ते चूक होते असेही मला म्हणवत नाही.

बारा चित्रे एकत्र पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्यांतील पाच दुबळी होती, आणि ती कोणती हे सांगावयास परीक्षकाची गरज उरली नाही. शेजारची सात चित्रेच ते सांगत होती. दुबळ्या पाचांत मी करुणा आणण्याचा यत्न केला होता. एकीत तर फुटकी बाहुली मुद्दाम उन्हात सरकविली होती. ती सवय घाटावरची, पदकाची. उरलेल्या सातांत मी केवळ दारात उभा राहिलो होतो, आत गेलो नव्हतो. माझी शैली म्हणून काही असेल, तर ती तेथे, त्या उंबरठ्याच्या अंतरात असावी. परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाला ते अंतर नवे नाही.

तेव्हा स्पर्धा सोडा असे मी म्हणत नाही. वर्षातून दोन-तीनदा तिच्यात उतरावे, हात तपासून घ्यावा, नाकारलेले चित्र फाडू नये. परंतु त्याबरोबर एखादा विषय असा धरावा, की जो कोणत्याही विभागात बसत नाही आणि ज्याकडे आपण बदली होईपर्यंत पुनःपुन्हा जाऊ शकू. कचेरीच्या वाटेवरील चहाची टपरी, शेजाऱ्यांच्या बांधलेल्या ट्रंका, आपल्याच घराची पश्चिमेची खिडकी, काहीही चालेल. आणि मंडळांनी वर्षातून निदान एक बैठक अशी घ्यावी, की जेथे गुण नसतील. प्रत्येकाने दहा चित्रे मांडावीत आणि इतरांनी त्यांवर बोलावे. यास खर्च लागत नाही. थोडे धैर्य मात्र लागते, कारण दहा चित्रांमागे लपता येत नाही.

यंदाच्या हिवाळ्यातही मी घाटावर जाणार आहे. कुरव पाहावयास कोणाची हरकत असणार? कॅमेरा बहुधा घरी ठेवीन.