दिल्ली, बारामती, इंदापूर : एका आत्मचरित्राचे वाचन

राजकीय पक्षाची प्रांतिक शाखा आणि त्याची मध्यवर्ती सत्ता यांमधील कलह महाराष्ट्रास नवा नाही. परंतु त्या कलहात आयुष्य घालविलेल्या पुढाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याची हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबते. ज्या दिल्लीत त्यांस पुढे आयुष्याचा मोठा भाग काढावा लागला, ती दिल्ली त्या पुस्तकात येतच नाही. म्हणून श्री. शरद पवार यांचे 'लोक माझे सांगाती' हे राजहंस प्रकाशनाने २०१५ साली काढलेले आणि २०२३ च्या मे महिन्यात भर घालून पुन्हा प्रसिद्ध केलेले आत्मचरित्र अभ्यासकास मोलाचे वाटावे, हे साहजिक आहे. आम्ही ते अलीकडे पुन्हा वाचले ते एका विशिष्ट प्रश्नासाठी. तो प्रश्न असा : प्रांताने दिल्लीविरुद्ध मांडलेली तक्रार जर न्याय्य असेल, तर तीच तक्रार तालुक्याने प्रांताच्या पुढाऱ्याविरुद्ध मांडली असता ती न्याय्य का ठरू नये?

पुस्तकाच्या नावापासूनच आरंभ करू. मराठी आवृत्तीचे नाव लोकांस 'सांगाती' म्हणते. आमच्या संतवाङ्मयाच्या वाचकास हा शब्द देवाच्या सोबतीची आठवण करून देतो. तो लोकांस लावण्यात एक प्रकारची नम्रता आहे. त्याच सुमारास निघालेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थ मात्र 'माझ्या अटींवर जगलेले आयुष्य' असा होतो. एकाच पुरुषाचे चरित्र महाराष्ट्रात नम्र आणि दिल्लीत ताठ व्हावे, यात आम्हांस लबाडी दिसत नाही. दोन दरबारांत वावरणाऱ्या प्रांतिक पुढाऱ्यास दोन भाषा बाळगाव्याच लागतात. परंतु स्वतःच्या अटी आणि लोकांची सोबत या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. आणि नांदत नाहीत तेव्हा त्यांपैकी कोणती सुटली, हे पाहणे टीकाकाराचे कर्तव्य होय.

पुस्तकाचा सर्वांत सरस भाग आरंभीचा, बारामतीच्या घरातला. मातोश्री शारदाबाई १९३८ साली पुणे लोकल बोर्डावर गेलेल्या. घराची निष्ठा शेतकरी कामगार पक्षावर. १९६० साली बारामतीच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत या पक्षाने थोरले बंधू वसंतराव यांस उभे केले, आणि विशीच्या उंबरठ्यावरील शरदरावांनी प्रचार केला तो काँग्रेसचे उमेदवार गुलाबराव जेधे यांचा! भावाने रागावण्याऐवजी मोकळीक दिली, असे लेखक सांगतात. ज्यांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती ते केशवराव जेधे हे स्वतः काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांत होते आणि पुढे काँग्रेसमध्ये परतले होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पक्ष सोडणे आणि पक्षात परतणे ही त्या मतदारसंघाची रीत श्री. पवारांच्या उदयापूर्वीची आहे. मत निराळे, परंतु ताट एकच, हा त्या घरचा धडा कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाने वाचावा असा आहे. पुढे २०२४ साली त्याच घरातील नणंद-भावजय लोकसभेसाठी आणि काका-पुतणे विधानसभेसाठी समोरासमोर उभे राहिले, तेव्हा ते पान आम्हांस वारंवार आठवले.

घराकडून पक्षाकडे वळले की मूळ विषय सुरू होतो. हा विषय समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. १९३७ साली मुंबई प्रांताचे मुख्य प्रधानपद बाळासाहेब खेर यांजकडे गेले, तेव्हा वीर नरिमन यांनी सरदार पटेलांवर आरोप केला. चौकशीत तो टिकला नाही. १९३८ च्या जुलैत मध्यप्रांताचे मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी वरिष्ठांस न विचारता मंत्रिमंडळाची फेररचना केली. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांस दोषी ठरविले आणि ते पद रविशंकर शुक्ल यांजकडे गेले. या दोन्ही प्रकरणांत तत्त्व एकच होते : प्रांतातील मंत्रिमंडळ प्रांताच्या विधिमंडळास जबाबदार की पक्षाच्या मध्यवर्ती मंडळास? परकीय सत्तेशी लढा चालू असता पक्षाची शिस्त वरचढ ठरावी, हे समजण्यासारखे होते. दुर्दैव असे की, लढा संपल्यावरही ती शिस्त तशीच राहिली आणि तिचे कारण मात्र नाहीसे झाले.

श्री. पवारांच्या हकीकतीचे खरे महत्त्व येथे आहे. १९७८ च्या जानेवारीत काँग्रेस दुभंगली. फेब्रुवारीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षास ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसांनी मिळून वसंतदादा पाटलांस मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे यांस उपमुख्यमंत्री केले. दिल्लीतील भांडण मुंबईच्या मंत्रिमंडळात बसविण्याचा तो प्रयोग जुलैच्या पुढे टिकला नाही. श्री. पवार बाहेर पडले आणि १८ जुलै रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. १७ फेब्रुवारी १९८० रोजी दिल्लीने ते सरकार बरखास्त केले. १९८६ च्या डिसेंबरात औरंगाबादेस राजीव गांधींच्या उपस्थितीत ते स्वगृही परतले. १९९१ साली पंतप्रधानपद नरसिंह रावांकडे गेले ते दिल्लीतील निष्ठावंत म्हणविणाऱ्यांच्या सल्ल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे आहे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षाने महाराष्ट्रातील ४८ पैकी ३७ जागा जिंकल्या, आणि पुढच्याच वर्षी, परदेशात जन्मलेल्या व्यक्तीने पंतप्रधान व्हावे काय हा प्रश्न उपस्थित केल्यावरून, श्री. पवार, संगमा व तारिक अन्वर यांस पक्षाने सहा वर्षांसाठी काढून टाकले. १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. आणि ऑक्टोबरात तीच राष्ट्रवादी, विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली, त्याच काँग्रेसबरोबर राज्याच्या मंत्रिमंडळात बसली.

या सर्व प्रकरणांत प्रांताची बाजू पुष्कळ अंशी खरी आहे, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणू. ज्यास लोकांनी निवडले त्याचे भवितव्य ज्यांस कोणीच निवडले नाही अशा चार सल्लागारांनी ठरवावे, हा प्रकार लोकशाहीच्या नावास शोभणारा नव्हे. आणि ऑक्टोबर १९९९ मधील तडजोडीवरून हेही दिसते की, दिल्लीत तत्त्व म्हणून मांडलेला वाद मुंबईत व्यवहारापुढे सहा महिनेही टिकला नाही. यास संधिसाधूपणा म्हणणारे म्हणोत. आम्हांस त्यात प्रांताच्या राजकारणाची स्वतंत्र गती दिसते.

परंतु येथपर्यंत येऊन पुस्तक थांबते आणि आमचा प्रश्न सुरू होतो. त्यासाठी वाचकांनी आमच्याबरोबर बारामतीहून पूर्वेस, इंदापूरकडे यावे. हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. एकोणिसाव्या शतकात काढलेला नीरा डावा कालवा आधी बारामती भिजवितो आणि मग इंदापुरात शिरतो. ज्याचे शेत कालव्याच्या मुखाकडे, त्यास पाणी वेळेवर. ज्याचे शेवटच्या टोकास, त्याने आवर्तनाची वाट पाहावी. भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यात दोन्ही तालुक्यांचे शेतकरी सभासद आहेत. ऊस एक, कालवा एक, सोयरिकी एक. राजकारण मात्र अनेकदा दोन.

इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील हे जुने काँग्रेसपुरुष. १९८० च्या जानेवारीत ते इंदिरा काँग्रेसतर्फे बारामतीतून लोकसभेवर निवडून आले, आणि दीड महिन्यातच श्री. पवारांचे सरकार त्याच पक्षाच्या दिल्लीतील सरकारने बरखास्त केले. म्हणजे ज्या मतदारसंघात प्रांताच्या स्वाभिमानाचा ध्वज उभा होता, त्याच मतदारसंघाने त्या वर्षी दिल्लीच्या पक्षास मत दिले होते. प्रांत विरुद्ध दिल्ली ही रेघ दिसते तितकी सरळ नाही. ती तालुक्यांच्या सीमेवरून, कित्येकदा एका गावातून, जाते.

पुढे १९९५ साली विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. त्यांपैकी अनेक काँग्रेसचे बंडखोर होते, आणि राज्यात काँग्रेसचे नेतृत्व त्या वेळी मुख्यमंत्री या नात्याने श्री. पवारांकडे होते. इंदापुरातून शंकररावांचे पुतणे हर्षवर्धन पाटील असेच अपक्ष म्हणून निवडून आले, आणि १९९९ व २००४ साली पुन्हा अपक्ष म्हणूनच. १९७८ साली बारामतीने वरिष्ठांस जे सांगितले, तेच १९९५ साली इंदापूरने बारामतीस सांगितले. पुढे २००९ साली पाटील काँग्रेसचे आमदार झाले; २०१४ साली राष्ट्रवादीचे दत्तात्रय भरणे यांनी त्यांचा पराभव केला. २०१९ साली दोन्ही काँग्रेसांच्या जागावाटपात इंदापूरविषयी दिलेला शब्द मित्रपक्षाने पाळला नाही, अशी जाहीर तक्रार करून ते भारतीय जनता पक्षात गेले आणि थोडक्या मतांनी हरले. २०२४ च्या ऑक्टोबरात ते श्री. पवारांच्या पक्षात आले. तेव्हा तेथील जुन्या कार्यकर्त्यांस ते रुचले नाही, एक अपक्ष उभा राहिला, आणि भरणे पुन्हा निवडून आले. या तीस वर्षांत इंदापूरचा उमेदवार कोण, हा निर्णय कधी मुंबईत, कधी दिल्लीत, कधी बारामतीत झाला; इंदापुरात मात्र तो केवळ मतदानाच्या दिवशी झाला.

यात कोणा एकाचा दोष दाखविण्याचा आमचा हेतू नाही. पाटलांनी बदललेले पक्ष हेही कौतुकाचे प्रकरण नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, 'लोक माझे सांगाती' म्हणणाऱ्या चरित्रकाराच्या लेखणीस दिल्लीचा अन्याय जसा रेखीवपणे दिसतो, तसा कालव्याच्या शेवटच्या टोकास राहिलेल्या या सांगात्याचा रुसवा दिसत नाही. दिल्लीस आपण टोकाचे. परंतु इंदापूरास आपणच मुख, ही जाणीव पुस्तकात असती तर ते केवळ एका पुढाऱ्याचे कैफियतपत्र न राहता आपल्या पक्षपद्धतीचे निदान झाले असते.

आणि हे निदान किती निकडीचे होते, ते पुस्तकाच्या प्रकाशनानेच दाखविले. २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात वाढीव आवृत्ती प्रसिद्ध होत असता लेखकाने पक्षाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा जाहीर केला आणि ५ मे रोजी कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे तो मागे घेतला. त्या आवृत्तीत, उद्धव ठाकरे यांनी २०२२ साली संघर्ष न करता मुख्यमंत्रिपद सोडले, अशी टीका आहे. दुसऱ्याच्या पक्षातील फुटीवर हे लिहिणाऱ्या लेखकाचा स्वतःचा पक्ष शाई वाळते न वाळते तोच, २ जुलै रोजी, फुटला! पुतणे अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह त्यांच्या गटास दिले.

हा निर्णय वाचकांनी नीट समजून घेतला पाहिजे. १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाप्रमाणे पक्षाचे दोन गट झाले की खरा पक्ष कोणता हे आयोग ठरवितो, आणि १९६९ च्या काँग्रेसफुटीवर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली दिलेल्या निकालापासून बहुमताची कसोटी त्यात मान्य झाली आहे. या खेपेस संघटनेतील बहुमत मोजता येईना, कारण पक्षांतर्गत निवडणुकांचा विश्वसनीय आधार आयोगास मिळाला नाही. म्हणून आमदार-खासदारांची डोकी मोजली गेली. नागालँडातील सात आमदारांनी मार्च २०२३ मध्येच भारतीय जनता पक्ष सहभागी असलेल्या सरकारास पाठिंबा दिला होता. केरळात तोच पक्ष डाव्या आघाडीच्या मंत्रिमंडळात काँग्रेसच्या विरुद्ध होता. अखिल भारतीय म्हणविणारा पक्ष असा तीन प्रांतांत तीन वाटांनी चालत असता, त्याची मालकी ठरविताना साध्या सभासदास कोणी विचारले नाही. विचारता येईल अशी व्यवस्थाच कोणी ठेविली नव्हती.

आमचा निष्कर्ष येथेच निघतो. प्रांत आणि दिल्ली यांच्या भांडणात आपण वाचक नेहमी कोणाची तरी बाजू घेतो. आणि मराठी मन बहुधा प्रांताची घेते. परंतु पक्षाच्या खालच्या पायरीवर जोवर खरी निवडणूक होत नाही, तोवर प्रांताचा विजय म्हणजे सत्तेचे केंद्र दिल्लीहून बारामतीस येणे, एवढेच. इंदापूरच्या शेतकऱ्याचे अंतर त्याने थोडे कमी होते. परावलंबन कमी होत नाही. ज्या पक्षाने सभासदांच्या मतांची नोंद नीट ठेविली असती, त्यास दुहीच्या वेळी ती आयोगापुढे मांडता आली असती. आळस म्हणा की सोय म्हणा, ती न ठेवण्याची किंमत अखेर संस्थापकासच द्यावी लागली.

असो. पुस्तक वाचनीय आहे, भाषा साधी आहे, आठवणी भरपूर आहेत, आणि प्रतिपक्षाविषयी लिहिताना लेखकाची लेखणी सहसा कडू होत नाही. महाराष्ट्राच्या साठ वर्षांच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यास ते टाळता येणार नाही. आमच्या वाचकांनी ते अवश्य घरी आणावे. मात्र १९६० च्या पोटनिवडणुकीचे प्रकरण मुलांस वाचून दाखविल्यावर क्षणभर थांबून त्यांस विचारावे की, थोरल्या भावाने धाकट्यास दिलेली ती मोकळीक पुढे पक्षाने आपल्या तालुक्यांस का दिली नाही? चरित्रकाराने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. ते देणारे पुस्तक कदाचित इंदापुरात बसून कोणी कार्यकर्ता लिहील. त्याची आम्ही वाट पाहत आहो.