गिरणगावाची बेरीज कोणी केली?

नगररचनेच्या चर्चेत ‘मिश्रवापर’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. घरे, कचेऱ्या, दुकाने आणि करमणुकीची ठिकाणे एकाच आवारात असली की माणसांच्या फेऱ्या घटतील, वाहने कमी धावतील आणि धूरही कमी होईल, असा त्यामागचा युक्तिवाद. तो चुकीचा नाही. पण युक्तिवाद बरोबर असणे आणि प्रत्यक्ष प्रकल्प त्याला जागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ओळखता यावा म्हणून पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करायचे असते. आपली पद्धत तो ओळखते का? मुंबईच्या गिरणगावाकडे पाहून याचे उत्तर शोधता येईल.

गिरणगाव हा मुळातच मिश्रवापराचा भाग होता. गिरणी, चाळ, तळमजल्यावरची दुकाने, खानावळी, सारे एकमेकांना लागून. भोंगा झाला की कामगार पायी कामावर जाई. दाटीच्या खोल्या, कापसाची धूळ आणि धुराडी विसरून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र घर आणि काम यांतले अंतर तेथे खरोखरच कमी होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने अशा जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचवली : एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीविरुद्ध कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती वैध ठरवली. मोकळ्या जागेचा आणि परवडणाऱ्या घरांचा वाटा त्यामुळे फारच आकसला.

नव्या संकुलांत घरेही आहेत आणि कचेऱ्याही. पण तेथील विक्रेत्याला किंवा कारकुनाला त्याच आवारातले घर परवडत नाही. तो दूरच्या उपनगरातून लोकलने येतो. नकाशावर वापर मिसळले, माणसांच्या फेऱ्या मात्र घटल्या नाहीत. म्हणून मूल्यमापनाचा पहिला प्रश्न ‘येथे किती प्रकारचे वापर आहेत?’ हा नसून ‘येथे काम करणाऱ्यांपैकी किती जण येथे राहू शकतील?’ हा असायला हवा.

आता मूल्यमापनाची यंत्रणा पाहू. २७ जानेवारी १९९४ च्या केंद्रीय अधिसूचनेत इमारतींचे प्रकल्प नव्हतेच. ते जुलै २००४ मध्ये आले. गिरणगावातील रूपांतरे त्याआधीच सुरू झाली होती. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पूर्वपरवानगी आवश्यक केली. १,५०,००० चौरस मीटरच्या आतील प्रकल्पांची छाननी मात्र अर्जातील माहिती आणि प्राथमिक आराखडा यांवरच होते. या अर्जात जमीन, पाणी, वनस्पती, हवा, बांधकाम साहित्य, ऊर्जा असे रकाने आहेत. आसपासच्या इतर प्रकल्पांसह होणाऱ्या एकत्रित परिणामांबद्दलही विचारलेले आहे. म्हणजे प्रश्न सुचला नाही असे नाही. पण तो विचारला आहे एकट्या बांधकाम करणाऱ्याला. शेजारच्या भूखंडावर पाच वर्षांनी काय उभे राहील हे त्याला माहीत नसते, आणि सांगण्यात त्याचा फायदाही नसतो.

एक साधे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. २ हेक्टरचा भूखंड घ्या. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी पडते. एक तृतीयांश जमीन उघड्या मातीची ठेवली आणि त्या मातीने आपल्या अंगावरचे निम्मे पाणी मुरवले असे धरू. मुरलेले पाणी सुमारे १ लाख ६७ हजार लिटर. एका भूखंडापुरते हे किरकोळ वाटेल. असे सहा भूखंड एकाच नाल्याला जोडलेले असतील, तर त्या तासात नाल्यावरचा भार १० लाख लिटरने हलका होतो. मुंबईतील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल, हे गृहीत धरून आखलेल्या होत्या. भूखंडाच्या कडेपर्यंत तळघरे खणली की हे गृहीतकच खोटे ठरते.

यावर एक आक्षेप येईल : गिरण्यांची छपरेही पाणी मुरवत नव्हतीच. आक्षेप रास्त आहे, आणि त्यातूनच पद्धतीचा दुसरा दोष दिसतो. नव्या प्रकल्पाची तुलना कशाशी करायची? जुन्या गिरणीशी केली तर तो निर्दोष ठरतो. १९९१ च्या वाटणीतून जे मिळू शकले असते त्याच्याशी केली तर तोटा लख्ख दिसतो. तुलनेचा पाया निवडला की निम्मा निष्कर्ष निवडला जातो.

तिसरा दोष ऐकण्याचा. २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम आणि वसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी साचते आणि सकाळी कोणता जिना तुंबतो, हे अर्ज भरणाऱ्या सल्लागारापेक्षा चाळीतल्या माणसाला अधिक ठाऊक असते. नेमके त्यालाच विचारले जात नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. पाऊस, अरुंद जिना, एकाच वेळी आलेली गर्दी अशी अनेक कारणे होती. एखाद्या इमारतीवर बोट ठेवता येणार नाही. पण गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि परिसरात रोज उतरणारी माणसे वाढली, तरी पूल जुनाच राहिला. प्रत्येक प्रकल्पाचा वाहनतळ त्याच्या आराखड्यात होता. पूल मात्र कोणत्याच भूखंडात नव्हता.

उपाय अवघड नाही, फक्त क्रम उलटा करायला हवा. आधी संपूर्ण विभागाचे पाणी, सांडपाणी, रस्ते, स्थानके आणि मोकळ्या जागा यांची धारणक्षमता सरकारी यंत्रणेने मोजावी आणि जाहीर करावी. मग प्रत्येक प्रकल्पाला त्यातला वाटा द्यावा. विद्यार्थ्यांकडून हे लहान प्रमाणात करून घेता येईल. शाळेजवळच्या दोन-तीन नव्या इमारतींचे पाणी कोणत्या नाल्यात जाते आणि तेथील माणसे कोणत्या रस्त्याने जातात, हे एकाच कागदावर मांडायला सांगावे. प्रत्येक इमारतीचा वेगळा कागद निघाला, तर तो परत करावा.