भिंत गेली, ओटा तिथेच राहिला

मागच्या खेपेला आपण 'खाजगी' या शब्दाचा विचार केला. आज तोच प्रश्न घरात आणू या. विषय आहे स्वयंपाक, जेवण आणि बैठक एकाच मोकळ्या जागेत मांडणारं घर.

आमच्या उत्तनच्या घरात दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची भिंत पाडली. घर मोठं दिसू लागलं, येणारे-जाणारे वाहवा करू लागले. आणि पहिल्याच महिन्यात आमच्या सौभाग्यवतींचं बोट सुरीनं कापलं. कारण साधं होतं. दिवा खोलीच्या मधोमध छताला, ओटा भिंतीला. म्हणजे उजेड त्यांच्या पाठीवर आणि त्यांचीच सावली त्यांच्या हातावर. बैठक झगझगीत होती, काम करणारा हात अंधारात होता. आमची आजची तक्रार एवढीच आहे. ती नीट मांडायला थोडं मागे जावं लागेल.

मोकळा आराखडा ही नवी चीज आहे, असं आपण समजतो. पण मुंबईच्या बीडीडी चाळींतली 160 चौरस फुटांची खोली आठवा. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, झोप, सगळं तिथेच. तो मोकळेपणा कोणी निवडलेला नव्हता. चाळीतून बाहेर पडलेल्या माणसाला स्वयंपाकाची वेगळी खोली म्हणजे सुखाची खूण वाटली. आता त्याचाच नातू पैसे मोजून ती भिंत पाडतो. याचा अर्थ भिंत असणं वा नसणं, यात स्वातंत्र्य नाही. ते निवडीत आहे. मग निवड कोणाची, हे विचारायला हवं.

1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्ट किचन आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटर, पण प्रत्येक हालचाल मोजलेली. बैठकीकडे सरकतं दार, म्हणजे पोरांवर लक्ष राहावं. छताचा दिवासुद्धा पट्टीवर सरकवता येई, हवा तिथे आणता येई. पुढे त्यावर टीका झाली की बाई एकटी पडली. टीका खोटी नव्हती. पण उत्तर म्हणून आपण काय केलं? भिंत काढली, काम वाटून घेतलं नाही. आधी ती एकटी दिसत नव्हती. आता सगळ्यांना दिसते, पण कामाला एकटीच आहे. पूर्वी दार लोटून क्षणभर डोळे पुसता येत, पसारा झाकता येई. आता तीही सोय गेली.

याचा अर्थ भिंती पुन्हा उभारा, असा नाही. आमच्याकडे गप्पा वाढल्या, वाराही खेळू लागला. पण मोकळ्या जागेला एक कसोटी लावा: स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड कुठे आणि उजेड कुठे? तोंड भिंतीकडे असेल, तर ते माणूस घरात असून संभाषणाबाहेर आहे. निदान चिरण्या-निवडण्याचा ओटा तरी बैठकीच्या बाजूला वळवा. ओट्यापुढे दोघांना वावरता येईल अशी सव्वा मीटर वाट ठेवा. नाहीतर मदतीला आलेला माणूस 'अडचण होते' म्हणून परत जातो, आणि त्याला ते हवंच असतं!

आता उजेड. भिंत गेली की सीमा आखायचं काम दिवे करतात. ओट्यावर, वरच्या कपाटाच्या खालून, हातावर पडणारा 300 ते 500 लक्स उजेड हवा. जेवणाच्या टेबलावर पाऊण मीटर उंचीवर टांगलेला, 2700 ते 3000 केल्विनचा ऊबदार दिवा पुरतो. बैठकीत त्याहून मंद. आणि तिन्हींची बटणं वेगळी. एकाच बटणावर सगळं घर पेटत-विझत असेल, तर वाचणारा, झोपणारा आणि भाकरी करणारा यांना एकच उजेड सोसावा लागतो. त्याला मोकळं घर म्हणवत नाही.

शिवाय हे उत्तन आहे. इथे वलांडीवर बोंबील सुकतात आणि घरात तळले जातात. मासिकातल्या चित्राला वास नसतो. चिमणीचा पाइप खरोखर बाहेर काढा. नुसती हवा गाळून परत खोलीत सोडणारी इथे पुरी पडत नाही. तोंड समुद्राकडच्या भिंतीत ठेवलंत, तर पावसाळ्यात वारा धूर आत ढकलतो. संध्याकाळचं ऊनही त्याच बाजूनं डोळ्यांत येतं, तेव्हा टीव्ही आणि ओटा त्याच्या समोर नकोत. खाऱ्या हवेत लोखंडी फिटिंग टिकत नाही, हे आपणास सांगायला नको.

ॲरिस्टॉटलनं हेराक्लिटसची एक गोष्ट सांगितली आहे. त्याला भेटायला आलेले लोक, तो चुलीपाशी शेकत बसलेला पाहून दारातच थबकले. तेव्हा तो त्यांना म्हणाला, या, देव इथेही आहेत. आपण ही गोष्ट वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. ती चूल पेटवली कोणी, हे मात्र कधी विचारलं नाही. आम्हीही नाही.

त्या बोटावर चार टाके पडले. मग आम्ही ओट्यावर दिवा लावून घेतला, आणि त्या दिव्याखाली सकाळची भाजी आता आम्ही चिरतो. जाड चिरली जाते, बोलणी खातो. पण दिसतं मात्र स्वच्छ.

चला, आता आपले प्रश्न येऊ द्या.