टाचदुखी : एका प्रयोगाची चिकित्सा

कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे भाविक तामलवाडीवरून जातात. अशा चालण्याने काय, किंवा दिवसभर फळ्यापाशी उभे राहून काय, टाच दुखू लागली की ‘हाड वाढलंय’ हे निदान तयारच! पण वाढलेले हाड न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. सकाळी पहिल्याच पावलाला कळ येत असेल, तर बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा दुखावलेला असतो.

अमेरिकेत डिजिओव्हानी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने पोटरी ताणली. दुसऱ्याने पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच, बसून, पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढली. आठ आठवड्यांनी दुसरा गट सरस ठरला. उपाय बिनखर्ची, म्हणून मला आवडतो. तरीही १०१ पैकी ८२ जणच तपासणीला परतले, आणि काहीच न करणारा गट नव्हता. हे दुखणे पुष्कळदा काळानेच बरे होते; मग सुधारणेचे श्रेय व्यायामाला किती द्यायचे? पुढे पहिल्या गटालाही तोच व्यायाम दिल्याने दोन वर्षांनंतर तुलनेला काही उरलेच नाही.

तेव्हा गुण हमखास येईल असे मी म्हणणार नाही. करून मात्र जरूर पाहा : दहा सेकंद ताण, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ताण नीट बसला, तर तळव्यातला पट्टा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला दोरीसारखा लागतो.