‘पाऊस रुसला’ या वाक्याचा कर्ता कोण?

हवामान बदलाविषयीचं जे मराठी लेखन मोबाईलवरून आपल्यापर्यंत येतं, ते आपल्याला पटवतं कसं, हा आजचा विषय. आपण सोलापुरात बसलो आहोत, तेव्हा उदाहरण उजनीचंच घेऊ.

२०२४च्या उन्हाळ्यात ‘उजनी उणे ५० टक्के’ असं सगळीकडे लिहिलं जात होतं. आकडा खरा होता. साठा पुढे त्याच्याही खाली गेला. पण वाचणाऱ्याला काय वाटतं? शून्याच्या खाली, म्हणजे धरण पार कोरडं. प्रत्यक्षात हे शून्य मोजतात मृतसाठ्याच्या वर. उजनीचा मृतसाठा सुमारे ६३ टीएमसी, उपयुक्त साठा सुमारे ५३. म्हणजे उणे ५० टक्क्यांना, गाळ धरून, ३६ टीएमसीच्या आसपास साठा हिशेबात असतो. हे सांगायला दोन ओळी पुरतात. त्या गाळल्या की भीती उरते, आणि अशा भीतीपोटी माणूस बोअर आणखी खोल न्यायला निघतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं आणि दुसऱ्या बाजूला जोर चढला. ‘बहात्तरचा दुष्काळ आम्ही बघितलाय, तेव्हा कुठं होता तुमचा हवामान बदल?’ ही युक्ती जास्त अवघड, कारण इथे पुरावा म्हणून घरातलं वडीलधारं माणूस उभं केलेलं असतं. त्याला खोटं कोण म्हणणार? आपणही म्हणू नये. १९७२चा दुष्काळ खराच होता. पण गंजीला पूर्वीही आग लागायची, म्हणून आज कुणी काडी लावलीच नाही, असं ठरत नाही. माणसाच्या कृतीमुळे पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापली, हे आयपीसीसीने २०२१मध्ये मांडलं. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे जमीन लवकर वाळते आणि पाऊस पडला तर धो-धो पडतो. २०२४चा टंचाईचा उन्हाळा आणि सप्टेंबर २०२५मधला सीनेचा पूर यांत म्हणूनच विसंगती नाही.

गंमत अशी की या दोन्ही बाजूंचं व्याकरण एकच आहे. ‘पाऊस रुसला’, ‘निसर्ग कोपला’, ‘सीनेने रौद्र रूप धारण केलं’. प्रत्येक वाक्यात कर्ता निसर्ग, माणूस कुठेच नाही. उजनीचं आवर्तन कधी सोडायचं, यावर कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. कमी पावसाच्या या जिल्ह्यात ऊस किती लावायचा, हे कारखाने, बाजार आणि आपण मिळून ठरवतो. ‘हवामान बदलामुळे’ एवढा एक शब्द लिहिला की हे सगळे निर्णय त्याच्या आड जातात. कारण खरं असतं, तरी जबाबदारी नाहीशी होते. आमच्या मते या लेखनाचा सगळ्यात मोठा दोष हाच, अतिशयोक्ती त्यानंतरची.

पटवणं हा काही गुन्हा नाही. चांगला लेखही पटवतोच. फक्त तो टक्केवारी कशाची ते सांगतो, आठवणीला आठवणीइतकंच वजन देतो आणि कुणी काय ठरवलं ते नाव घेऊन लिहितो. असा लेख वाचून शेतकऱ्याला घाबरण्यापलीकडे काही करता येतं: यंदा ऊस की तूर, याचा विचार करता येतो, आवर्तनाबद्दल प्रश्न विचारता येतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘पाऊस रुसला’ वाचलं, की आधी कर्ता शोधू या. इथे थांबतो, आता तुमचे प्रश्न घेऊ.