‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ आणि कोहेनचा पेपर

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही, कारण तिथे रूटचा पासवर्ड लागतो.’ हे वाक्य संशोधन प्रस्तावात गृहीतक म्हणून टाकायचा मोह होतो. टाकण्याआधी फ्रेड कोहेनचा १९८४ चा पेपर वाचा.

नोव्हेंबर १९८३ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना, कोहेनने हा प्रयोग केला. व्हॅक्स ११/७५० वर युनिक्स होतं. फाइलींची रचना चित्ररूपात दाखवणाऱ्या एका उपयोगी प्रोग्रॅममध्ये त्याने व्हायरस दडवला आणि प्रोग्रॅमची जाहिरात तिथल्या सामायिक सूचनाफलकावर टाकली. बस्स. पाच प्रयत्न झाले, आणि प्रत्येक वेळी तासाच्या आत सगळे अधिकार हल्लेखोराकडे! सगळ्यात लवकर झालं तेव्हा पाच मिनिटंही लागली नाहीत.

पासवर्ड कुणी फोडलाच नाही. प्रोग्रॅम ज्याने चालवला त्याचेच अधिकार व्हायरस वापरतो, त्याच्या बाकीच्या प्रोग्रॅममध्ये शिरतो; त्यातला एखादा सुपरयूजरने चालवला की झालं. परवानग्यांची व्यवस्था तर नियमानुसारच चालली होती. पेपरचं खरं बळ मला इथे दिसतं.

पण यावरून ‘युनिक्स असुरक्षित’ म्हणायची घाई नको. मशीन एकच, आणि वापरणारे एकमेकांचे प्रोग्रॅम बिनधास्त चालवणारे. दुसऱ्या सिस्टिमशी तुलना इथे नाही. त्यामुळे आजच्या लिनक्स डेस्कटॉपवर व्हायरस कमी का, याचं उत्तर या प्रयोगात मिळत नाही. माझ्या मते ते प्रोग्रॅम येतो कुठून यात जास्त आहे. लिनक्सवाला बहुतेक सॉफ्टवेअर वितरणाच्या भांडारातून, डिजिटल सही तपासून घेतो. अनोळखी प्रोग्रॅम चालवण्याची वेळच कमी येते. उलट विंडोज एक्सपीवर पहिलं खातंच ॲडमिनचं, वर पेन ड्राइव्ह लावला की ऑटोरन. (झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आणणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) जुन्या विंडोजवरचं हे ऑटोरन मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये अपडेट देऊन आवरलं.

‘वापरणारे कमी म्हणून हल्ले कमी’ हेही डेस्कटॉपपुरतं काहीसं पटतं. मात्र २०१६ चा मिराई बघा. काटेकोर अर्थाने तो व्हायरस नाही, पण त्याने गाठले ते लिनक्सवरचेच कॅमेरे आणि राउटर, तेही कारखान्यातून आलेला, कुणीच न बदललेला पासवर्ड वापरून.