लोकसंगीत कोणाचे? नभोवाणीकडे गावकुसाबाहेरून पाहताना

लोकसंगीत म्हणजे काय हे कोणी ठरविले, असे विचारले की 'लोकांनीच' असे उत्तर मिळते. हे उत्तर मला मान्य नाही. गाणी लोकांनी केली हे खरे. परंतु त्यांपैकी कोणते गाणे 'लोकसंगीत', कोणते 'भक्तिसंगीत', कोणते 'प्रचार' आणि कोणते ऐकविण्याच्याच लायकीचे नाही, ही प्रतवारी शेतात किंवा वस्तीत झालेली नाही. ती नभोवाणीच्या स्टुडिओत झाली. म्हणून नभोवाणीचा इतिहास यंत्रांचा आणि मंत्र्यांचा इतिहास म्हणून वाचून भागत नाही. तो प्रवेशाचा आणि प्रवेशबंदीचा इतिहास आहे.

हा प्रश्न मी जांब समर्थ या गावाकडून पाहतो. जालना जिल्ह्यातील, आजच्या घनसावंगी तालुक्यातील हे गाव रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली येथे जन्मलेल्या कवीचा आवाज गावाच्या नावातच कायमचा कोरला गेला आहे. गावाला स्वतःचे नभोवाणी केंद्र नाही, पण संतकवीच्या शब्दांना केंद्राची वाट शोधावी लागली नाही. भक्तिसंगीताचे दार त्यांच्यासाठी पहिल्यापासून उघडे होते. त्याच गावाच्या, आणि गोदाकाठच्या प्रत्येक गावाच्या, दुसऱ्या टोकाला असलेल्या वस्तीतील गाण्याला कोणते दार होते?

मराठवाड्याची नभोवाणी निजामी राजवटीत औरंगाबादला सुरू झाली. १९५० साली हैदराबादबरोबर हे केंद्रही भारत सरकारकडे आले, पण पुढे ते बंद पडले. १९६८ साली परभणी केंद्र सुरू होईपर्यंत या भागाने मुख्यतः दुसऱ्यांचे आवाज ऐकले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने 'गीतरामायण' सुरू केले. माडगूळकरांची छप्पन गीते, फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक गीत, असे वर्षभर चालले. त्याची गुणवत्ता मी नाकारीत नाही. परंतु ही मालिका संपली त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो माणसांनी धर्मांतर केले. भीमराव कर्डकांच्या जलशाची परंपरा तेव्हा पंचवीसेक वर्षांची होती आणि वामनदादा कर्डक गावोगाव गात होते. त्या गाण्यांच्या अशा वर्षभराच्या मालिकेची गोष्ट मराठी नभोवाणीच्या गौरवइतिहासात कोठे सांगितली जाते? बाबासाहेबांचे स्वतःचे जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडणारे भाषण ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून झाले होते. नेत्याला ध्वनिक्षेपक मिळाला, त्याच्या शाहिराला मात्र पायीच जावे लागले.

हे कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टाव्याने झाले असे मी म्हणत नाही. तसे असते तर अधिकारी बदलल्यावर प्रश्न सुटला असता. यामागे नियम होते. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटी विदेशी, तिच्यात श्रुती नाहीत, असा पंडिती आक्षेप होता. १९७१ साली ही बंदी अंशतः उठली. पण पेटी हे जलशाचे, भजनी मंडळाचे, तमाशाबाहेर पडलेल्या गायकाचे सर्वांत हाताशी असलेले वाद्य. श्रुतींचा वाद पंडितांचा होता, त्याची किंमत कोणी मोजली? १९४६ साली सरदार पटेलांच्या कारकिर्दीत, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशांना नभोवाणीवर गाऊ देऊ नये असा आदेश निघाला. ज्या स्त्रियांना जातिव्यवस्थेनेच नाचगाण्याच्या धंद्यात ढकलले, त्यांच्याच चारित्र्याची ही चौकशी होती! १९५२ नंतर केसकरांच्या काळात, रातंजनकरांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रीय गायकांची कसोटी घेणारे मंडळ आले. श्रेणी देण्याची ही पद्धत पुढे लोकगायकांपर्यंत पोहोचली. परीक्षक कोण आणि परीक्षार्थी कोण, हे सांगायला नको.

परंतु यापेक्षा खोल गोष्ट 'पारंपरिक' या शब्दात आहे. लोकगीताला कर्ता नसतो, काळ नसतो, भांडण नसते, अशी या शब्दामागची कल्पना आहे. वामनदादांच्या गाण्यात शेवटी कर्त्याचे नाव येते. त्या गाण्याला तारीख असते, शत्रू असतो, मागणी असते. असे गाणे 'पारंपरिक' या खणात मावत नाही आणि 'सुगम' या खणात त्याला बसू दिले जात नाही. म्हणजे आमचे गाणे निनावी झाले तरच लोकसंगीत, नाव सांगितले की प्रचार!

अमेरिकेतही हेच घडले. १९२५ साली नॅशव्हिल येथे एका विमा कंपनीच्या डब्ल्यूएसएम केंद्राने ग्रामीण गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक होता. १९४१ साली त्याला काढून टाकण्यात आले. २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, त्याला सन्मानदालनात जागा मिळाली. दरम्यान तबकडी कंपन्यांनी गोऱ्यांचे ग्रामीण गाणे आणि काळ्यांचे गाणे अशा वेगळ्या याद्या केल्या होत्या. ज्या बॅन्जोवर ते 'गोरे' संगीत उभे राहिले, तो बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतला. रंगाची रेषा सुरांत नव्हती, ती यादीत होती. आमच्याकडेही तेच आहे.

याचा पुरावा गोदावरीच्या पलीकडेच आहे. जात्यावरच्या ओवीइतका निष्पाप लोकगीतप्रकार दुसरा नाही असे अभ्यासक मानत आले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या दलित वस्तीत त्यांना काय मिळाले? बाबासाहेबांवरच्या ओव्या. जात्यावर बसलेल्या बाईने सासर-माहेर आणि चळवळ एकाच चालीत गायिली होती. 'लोक' आणि 'प्रचार' यांतली भिंत तिच्या घरात नव्हतीच.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरोघरी गेला, आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे. १४ एप्रिलला आकाशवाणीही कार्यक्रम करते. हे सर्व खरे आहे. पण कॅसेट बाजाराने दिली, आणि बाजार खपेल तेच जपतो. नभोवाणी मात्र सार्वजनिक पैशावर चालली, आणि तिने जे ध्वनिमुद्रित केले ते संग्रह झाले, इतिहास झाले. जे केले नाही ते गायकाबरोबर सरणावर गेले. वर्षातले दोन दिवस देऊन ही भरपाई होत नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र काढता येते. साताऱ्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी गावात २००८ साली असे केंद्र उभे राहिले. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, ही त्यांची मोठी मर्यादा आहे. म्हणजे अत्याचार झाला तर त्याची बातमी देता येत नाही, गाणे मात्र लावता येते. मग गाण्यालाच बातमी व्हावे लागेल, आणि जलशाने यापूर्वी तेच केले आहे.

म्हणून शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वस्तीतले गाणे मुद्रित करताना गाणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि वर्ष यांची नोंद त्याच्या संमतीने केलीच पाहिजे. कार्यकर्त्यांनी गोदाकाठच्या केंद्राची मागणी केली पाहिजे. निनावी राहून मिळणारा गौरव आम्हाला नको. ज्याने गाणे रचले त्याचे नाव गाण्याबरोबर उच्चारले जाईल, त्या दिवशी लोकसंगीत खऱ्या अर्थाने लोकांचे होईल.